एन३एन : नौदलाने स्वतःच घडवलेले जलविमान

लढाऊ विमानांच्या वेगाच्या आणि माऱ्याच्या कथा सर्वांनाच आवडतात. मला मात्र ज्या संथ, साध्या विमानांवर वैमानिक घडले, त्यांच्याविषयी अधिक कुतूहल वाटते. अमेरिकी नौदलाचे एन३एन हे त्यांतलेच एक दुपंखी, म्हणजे एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेले विमान. त्याचा जन्म कल्पक आरेखनाइतकाच एका कायद्यामुळे झाला.

१९३४ च्या व्हिन्सन-ट्रॅमेल कायद्याने नौदलाची किमान दहा टक्के विमाने आणि इंजिने सरकारी कारखान्यांतच बनली पाहिजेत, असे बंधन घातले. खासगी कंपन्यांच्या नफेखोरीला वेसण घालणे आणि विमानाचा खरा उत्पादनखर्च सरकारला ठाऊक असणे, असा त्यामागचा विचार होता. फिलाडेल्फियात १९१७ साली उभारलेला नौदलाचा विमान कारखाना खासगी उद्योगाच्या दबावामुळे बरीच वर्षे चाचण्या, दुरुस्त्या आणि प्रयोग यांपुरताच उरला होता. त्याला पुन्हा काम मिळाले, आणि कन्सॉलिडेटेड कंपनीच्या जुन्या एनवाय प्रशिक्षण विमानांची जागा घेणारे एन३एन ऑगस्ट १९३५ मध्ये प्रथम उडाले.

या विमानातली काटकसर पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या विमानांना राइट जे-५ हे तोवर जुने झालेले इंजिन बसवले. पुढे २३५ अश्वशक्तीचे आर-७६० आले आणि त्याचे हक्क विकत घेऊन नौदल तेही स्वतःच बनवू लागले. रद्द झालेल्या हवाई जहाजांच्या (हलका वायू भरून तरंगणाऱ्या एअरशिपच्या) कामासाठी घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पहिल्या विमानांच्या सांगाड्यात वापरल्या गेल्या. त्या काळी पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडण्याची पद्धत रूढ असताना येथे बोल्ट आणि रिव्हेट वापरले होते. धडाच्या बाजूचे भाग काढून आतली तपासणी करता येत असे. शिकाऊंच्या हाती रोज आदळआपट सोसणाऱ्या यंत्राला, माझ्या मते, वेगापेक्षा हीच सोय अधिक मोलाची.

चाकांच्या जागी धडाखाली एक मोठा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा पोकळ भाग, आणि खालच्या पंखांच्या टोकांजवळ दोन छोटे फ्लोट बसवले की तेच विमान जलविमान होई. युद्धनौका आणि क्रूझर यांवरून कॅटपल्टने, म्हणजे जोराने पुढे फेकणाऱ्या यंत्राने, उडवली जाणारी टेहळणी विमानेही अशीच मध्यवर्ती फ्लोटची असल्याने शिकाऊला पुढील कामाची सवय येथेच लागे. पाण्यावर ब्रेक नसतात. इंजिन सुरू होताच विमान सरकू लागते आणि त्याचे नाक वाऱ्याकडे वळते. उड्डाणासाठी आधी फ्लोटच्या तळाशी असलेल्या पायरीसारख्या खाचेवर विमान उचलून घ्यावे लागते, म्हणजे मागचा भाग पाण्यातून सुटतो आणि पाण्याची ओढ कमी होते. पाणी आरशासारखे स्थिर असेल, तर तळ लवकर सुटत नाही, आणि उतरताना उंचीचा अंदाजही चुकतो. नवख्याला निर्धोक वाटणारा दिवस तो हाच!

एकूण सुमारे हजार विमाने तयार झाली. ठळक रंगामुळे त्यांना ‘यलो पेरिल’, म्हणजे पिवळे संकट, म्हणत. पॅसिफिकपलीकडे जपानी नौदलाच्या नारिंगी के५वाय या प्रशिक्षण विमानाचीही फ्लोटवाली आवृत्ती होती आणि त्याला ‘लाल चतुर’ (चतुर हा उडणारा कीटक) म्हणत, हा योगायोग गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक एन३एन विकली गेली आणि अधिक ताकदीची इंजिने लावून शेतांवर औषध फवारू लागली. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीने मात्र फ्लोटवाली विमाने सेव्हर्न नदीवर १९६१ पर्यंत उडवली. अमेरिकी सैन्यदलांच्या सेवेतली ती शेवटची दुपंखी विमाने ठरली.