तुम्ही विचारलंत म्हणून : खरखर असेल तर घ्या

"ताई, ही बघा. घेऊ का?" सोबत एक फोटो. गिटार पलंगावर आडवी, खाली फुलाफुलांची चादर, उजेड ट्यूबलाइटचा. असे निरोप सतत येतात आणि त्यांच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न: तुम्हाला सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटारी इतक्या स्वस्तात मिळतात कशा? आमच्यासाठी पण एक बघा ना. फोटोवरून सांगत नाही म्हटलं की लोक दुखावतात. भाव खाते म्हणतात. म्हणून हे एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी विचारलंत तर हेच पाठवीन.

स्वस्त गिटार स्वस्त का आहे, एवढंच मी बघते. विकणाऱ्याला घाई असेल तर उत्तम. मे-जूनमध्ये इंजिनियरिंगची पोरं हॉस्टेल सोडतात, कुणाची परदेशात बदली होते, कुणी लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेली गिटार दोन वर्षं माळ्यावर टाकलेली असते. अशा वेळी दोष गिटारमध्ये नसतो. पण बहुतेक वेळा विकणाऱ्याला गिटारचं काहीतरी खटकलेलं असतं, आणि काय खटकलंय ते त्याला स्वतःलाच नीट कळलेलं नसतं. आपल्याला कळलं तर सौदा आपला.

आवाज करणारे दोष बहुतेक स्वस्त असतात. व्हॉल्यूम फिरवला की खर्रर होतं, केबल हलवली की आवाज जातो, पाच-वे स्विच मधल्या घरात मुका होतो. लोक याला घाबरून किंमत पाडतात. मुंबईच्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेल्या गिटारचे पॉट (नॉबखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग) खरखरणारच. मागची किंवा पुढची प्लेट उघडायची, पॉटच्या पत्र्याला जी फट असते तिच्यात काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचा. दहा मिनिटांचं काम. तरी नाही गेली खरखर तर पॉट बदला. पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) एका कॉइलचा, म्हणजे सिंगल कॉइल असेल तर २५० के (किलोओहम), दोन कॉइलचा, म्हणजे हमबकर असेल तर ५०० के. उलटं लावलंत तर बिघडत काही नाही, फक्त आवाज जास्त टोचरा किंवा जास्त मिटलेला होतो. जॅक (केबल खुपसायची जागा) ढिला असेल तर नट आवळण्याआधी आतला जॅक बोटाने धरा, नाहीतर तो गोल फिरतो आणि वायर पिळून तुटते. "जॅक घट्ट केला आणि गिटारच बंद पडली" ही तक्रार तिथूनच येते.

पिकअपचं थोडं वेगळं. केबल लावा, व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडा आणि केबलच्या मोकळ्या प्लगला मल्टिमीटरच्या दोन सुया धरा, एक टोकाला आणि एक बुडख्याला. स्विच एकेका पिकअपवर ठेवून बघा. साधारण सिंगल कॉइल साडेपाच ते सात किलोओहम दाखवतो, हमबकर साडेसात ते नऊ, जोरकस बनावटीचा असेल तर चौदा-पंधरासुद्धा. आकडा दोनशेच्या वर गेला तर तो पॉटचा आकडा आहे, म्हणजे कॉइल तुटली. नव्या पिकअपची किंमत सौद्यातून वजा करा. मल्टिमीटर नसेल तर अ‍ॅम्प चालू करून स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर हलकी टिचकी मारा. टक् ऐकू आलं तर जिवंत आहे.

महागाचे दोष गप्प असतात. ते अ‍ॅम्पमधून ऐकू येत नाहीत आणि फोटोत आले तरी लक्षात येत नाहीत. नेक (गिटारची लांब मान), फ्रेट (तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक सांभाळणारी सळई) ही तीन नावं लिहून ठेवा.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी फोटोवरून बोलायचं सोडलं.

एका मुलाने बारा फोटो पाठवले होते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) रंगाची, शिसवीचा फ्रेटबोर्ड. बाजारात तेव्हा तशी गिटार पंचेचाळीस हजारांच्या आसपास जात होती, ही बत्तीसला. सिरियल नंबर मॉडेलशी जुळत होता, हेडस्टॉकची (नेकचं खुंट्यांकडचं टोक) मागची बाजू स्वच्छ, फ्रेट उंच. व्हिडिओही होता आणि त्यात खरखर अजिबात नव्हती. मी "घे" म्हणाले.

गिटार हातात आली आणि पहिल्या दिवशी त्याने तक्रार केली ती भलतीच: पाम म्यूट करताना, म्हणजे ब्रिजजवळ तळहाताने तारा दाबून वाजवताना, तळहाताला टोचतं. मी म्हटलं सवय होईल. (हे वाक्य मला अजून आठवतं.) टोचत होते ते सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार ज्या छोट्या तुकड्यावर टेकते त्याचे, उंचीचे स्क्रू. प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात. सॅडल जितकं खाली न्याल तितकी स्क्रूंची डोकी वर येतात. इथे सहाही सॅडल ब्रिजच्या पत्र्याला टेकलेली होती आणि बाराच्या बारा स्क्रू काट्यासारखे उभे होते. कुणीतरी तारा खाली आणण्यासाठी सॅडल शेवटापर्यंत नेली होती, आणि तरीही बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटर होती. ती दीड ते दोन हवी.

का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि सतराव्यावर दुसऱ्या हाताने दाबा. ताणलेली तार म्हणजे फुकटची सरळपट्टी. आता आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यात फट किती, ते बघा. पाव मिलिमीटर असावी, म्हणजे एक साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. त्याच्या गिटारीत एकावर एक तीन कार्डं गेली. नेक धनुष्यासारखा पुढे वाकला होता.

यावर उपाय सोपा: ट्रस रॉडचा नट उजवीकडे पाव फेरा, थांबा, सूर लावा, परत मोजा. त्याने एलन की (षटकोनी चावी) घातली आणि ती गरगर फिरली. नटाचा षटकोन आतून गोल झाला होता.

कारण क्षुल्लक होतं. त्या नटाला १/८ इंचाची की लागते, म्हणजे ३.१८ मिलिमीटर. अमेरिकन बनावटीच्या अनेक गिटारींना हेच इंची माप असतं. आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात एलन कीचा सेट मागितलात की मेट्रिक मिळतो आणि त्यात ३ ची की असते. ती आत जाते, बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की कोपरे खरवडून काढते. अठरा शतांश मिलिमीटरचा फरक. आधीच्या मालकाने तेच केलं असणार. आणि भरीला तारा अकरा नंबरच्या (नंबर म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी). स्टँडर्ड ट्यूनिंगला नऊच्या सेटचा नेकवर एकूण ताण अडतीस किलोच्या आसपास, अकराचा त्रेपन्नच्या. पंधरा किलो जास्त ओढ, आणि तिला तोलणारा रॉड बंद.

आधी नऊच्या तारा लावल्या. तीन कार्डांची दोन झाली, बस. मग कारागिराने भोकापेक्षा किंचित मोठा टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराचं टोक) हलकेच ठोकून आत बसवला. हा जुगाड बऱ्याचदा चालतो. इथे पाव फेऱ्याएवढा चालला आणि मग नटाची भिंतच फाटली. नट बाहेर काढायचा तर हेडस्टॉकमधलं लाकडी बूच कोरून काढावं लागतं, आणि कारागीर म्हणाला की आतले आटे शाबूत असतील याची खात्री देत नाही. शेवटी नवा नेक घेतला. साडेचौदा हजार, मजुरी साडेतीन. वाचवलेले तेरा हजार गेले आणि वर पाच गेले.

सॅडलचे स्क्रू चौथ्या फोटोत स्पष्ट दिसत होते. मी तो फोटो मोठा करून बघितला नव्हता. मी सनबर्स्ट बघत बसले.

आता कबुली. मीच आधी सगळ्यांना सांगत असे की बोल्ट-ऑन नेक असेल तर भिऊ नका, चार स्क्रू काढले की नेक बदलता येतो. कागदावर खरं आहे. प्रत्यक्षात नव्या नेकची टाच ५६ मिलिमीटरच्या खाचेत बसली पाहिजे, स्क्रूची भोकं जुळली पाहिजेत (न जुळल्यास टणक लाकडाची खुंटी सरसाने बसवून नव्याने पाडायची), नट (ट्रस रॉडचा नव्हे, हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) कोरावा लागतो, फ्रेट लेव्हल करावे, म्हणजे घासून एका उंचीला आणावे लागतात. म्हणजे "बदलता येतो" हे वाक्य परदेशातल्या सुट्या भागांच्या बाजारात बसून म्हणायचं आहे. आपल्याकडे नेक मागवला तर वाहतूक आणि कस्टम्स धरून तो जुन्या गिटारच्या अर्ध्या किमतीला जातो. तरीही चिकटवलेल्या नेकपेक्षा मला बोल्ट-ऑन बरा वाटतो. तिथे निदान बदलायची सोय तरी आहे. यावर माझ्याशी भांडणारे आहेत आणि त्यांचंही बरोबर असेल: गिब्सनच्या लेस पॉलच्या वळणाच्या (चिकटवलेल्या नेकच्या) गिटारीचा हेडस्टॉक मोडून नीट चिकटवला असेल तर तो जोड पुष्कळदा मूळ लाकडाइतका टिकतो, आणि ती गिटार जवळजवळ निम्म्यात मिळते. वाजवायलाच हवी असेल तर उत्तम सौदा. पुन्हा विकायची असेल तर नाही. नटच्या मागच्या बाजूला, जिथे नेक सर्वांत बारीक होतो, तिथे टॉर्च तिरका धरा. रंगाखाली केसासारखी रेघ किंवा नखाला लागणारी पायरी असेल तर विचारा. उत्तर देताना विकणारा अडखळला तर तेच उत्तर समजा.

फ्रेटबद्दल थोडक्यात. तार बाजूला सारून पहिले तीन फ्रेट बघा, बी आणि बारीक ई खाली. तिथे खळगे पडतात. नख अडकेल इतके खोल असतील तर लेव्हलिंग लागणार. फ्रेटची उंची पाऊण मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर लेव्हलिंगला काही उरलेलं नाही, रीफ्रेट लागेल, म्हणजे सगळे फ्रेट नवे, आणि स्वस्त गिटारीवर रीफ्रेट करणं म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू मोठं. बाराव्या, पंधराव्या, सतराव्या फ्रेटवर तार आडवी ओढून पूर्ण सूर बेंड करा. सूर मध्येच गुदमरला तर पुढचा एखादा फ्रेट उचललेला आहे. विदर्भातली गिटार उन्हाळ्यात बघितलीत तर नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला खरवडतील. लाकूड सुकून आकसतं, धातू आकसत नाही. हा दोष कानसने जातो, त्यासाठी भाव मात्र जरूर पाडा.

फ्लॉइड रोज (दांड्याने पुढे-मागे हलणारा ब्रिज) असलेल्या गिटारी मला सर्वांत स्वस्तात मिळतात, कारण तार तुटली की सूर लावायला अर्धा तास जातो आणि लोक वैतागून विकतात. बघायचं एकच: ब्रिज ज्या दोन खांबांवर टेकतो तिथली त्याची धार. ट्यूनर लावा, दांडा पूर्ण खाली दाबा, सोडा, जी तार बघा. मग वर ओढा, सोडा, परत बघा. दोन्ही वेळी सूर वेगवेगळ्या जागी थांबला तर बहुधा धार बोथट झाली आहे. ब्रिज पुढे किंवा मागे झुकलेला असेल तर घाबरू नका. मागच्या स्प्रिंगांचे दोन स्क्रू फिरवून तो बॉडीला समांतर येतो.

नावावर जाऊ नका. गिब्सनच्या नकला चीनमधून भरपूर येतात, लोक त्यांना चिबसन म्हणतात. गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. तीन दिसले तर झाकण उघडायला सांगा: आत पितळी नट नसून एलन कीचं भोक असेल तर घरी या. आणि "मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, क्यूआर कोड स्कॅन करा" हे ऐकलंत तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही.

किंमतीचा माझा हिशेब: चांगल्या अवस्थेतली जुनी गिटार नव्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. त्यातून नेमका दिसलेला दोष वजा. "लास्ट प्राइस?" असा निरोप टाकू नका. त्याऐवजी विचारा, तारा शेवटच्या कधी बदलल्या आणि कुठला नंबर. ज्याला हे सांगता येतं त्याने गिटार सांभाळलेली असते. मग पाच फोटो मागा: नटकडून नेकच्या लांबीने ब्रिजकडे, पहिले पाच फ्रेट तिरक्या उजेडात, हेडस्टॉकची मागची बाजू, नेकचा जोड, आणि सॅडल अगदी जवळून. जमलं तर ट्रस रॉडचा व्हिडिओ: नट आधी डावीकडे पाव फेरा सैल, मग परत. आधी सैल, कारण तो शेवटापर्यंत आवळलेला असेल तर आणखी आवळताना तुटेल.

हे सगळं बघूनही फसायला होतं. पावसाळ्यात बघितलेला नेक मे महिन्यात जागा बदलतो, आणि त्या दिवशीचं पाव मिलिमीटर त्या दिवसापुरतंच असतं. म्हणून मला विचारू नका असं म्हणत नाही. तुम्ही मोजा, आकडे पाठवा, मग बोलू.

कालच एक फोटो आलाय. निळी गिटार, तीच फुलाफुलांची चादर, किंमत संशय यावा इतकी कमी. "व्हॉल्यूम खरखरतो" असं त्याने स्वतःच लिहिलंय, म्हणून मला बरं वाटतंय. सॅडल दिसत नाहीत, चादरीची घडी वर आली आहे. जवळून काढून पाठव म्हटलंय.