एकाच नोंदीवरच्या दोन अटी: मोंगोडीबीच्या नेस्टेड क्वेरींशी झालेली झटापट

मोंगोडीबी या डेटाबेसमधलं ऑर्डरचं कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंट्सचा संच, माझ्याकडे आलं तेव्हा त्याची रचना ठरून गेलेली होती. एका डॉक्युमेंटमध्ये एक ऑर्डर, तिच्या पोटात ‘आयटम्स’ नावाचा अ‍ॅरे (यादी) आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीत वस्तूचा कोड, नग, स्थिती. रचना मला पटलीही. ऑर्डर उघडली की सगळं एकाच वाचनात हाती येतं, वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा जोडण्याची, म्हणजे जॉइनची, भानगड नाही. तक्रार होती ती रिपोर्टबद्दल. ‘अमुक वस्तूचे 10 पेक्षा जास्त नग असलेल्या ऑर्डर दाखवा’ म्हटलं की क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडची विचारणा, रेंगाळायची, आणि वर त्यात भलत्याच ऑर्डर घुसलेल्या असायच्या.

आधी भलत्या ऑर्डर हाती घेतल्या. चुकीचं उत्तर झटपट मिळून करायचंय काय? त्यातली एक उघडली. क-101 चे 2 नग, क-205 चे 50. क्वेरीत अटी दोन: ‘आयटम्स.कोड’ क-101 हवा, ‘आयटम्स.नग’ 10 पेक्षा जास्त हवेत. कोड पहिल्या नोंदीत सापडला, नग दुसरीत, आणि डेटाबेसच्या लेखी काम झालं! दोन्ही अटी एकाच नोंदीने पाळाव्यात, हे डॉट लावून लिहिलेल्या क्वेरीत कुठे सांगितलेलंच नसतं. ते सांगायला इलेममॅच लागतं; सगळ्या अटी एकाच नोंदीला लावणारा हा ऑपरेटर. नुसत्या आकड्यांच्या अ‍ॅरेतही हाच घोळ होतो: 80 ते 90 मधले गुण शोधायला गेलात तर 70 आणि 95 असलेलं डॉक्युमेंटही खुशाल पुढे येतं.

मग वेग. कोड आणि नग मिळून कंपाउंड इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून दोन फील्डची मिळून केलेली सूची) आधीच होता, क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या एक्सप्लेनमध्ये आयएक्सस्कॅन, म्हणजे इंडेक्स वापरल्याची खूणही दिसत होती. बरेच जण तेवढं बघून पुढे जातात. मी एक्सप्लेनला एक्झिक्युशनस्टॅट्स (प्रत्यक्ष आकडे दाखवणारा पर्याय) लावून इंडेक्स बाउंड्सपर्यंत, म्हणजे इंडेक्सचा कुठून कुठवरचा भाग वाचला त्या हद्दींपर्यंत, खाली गेलो. कोडची हद्द क-101 ते क-101, अगदी नेमकी. नगांची मात्र मिनकी ते मॅक्सकी, म्हणजे सगळ्यात लहान मूल्यापासून सगळ्यात मोठ्यापर्यंत. म्हणजे इंडेक्समध्ये नगांच्या अटीने काहीच गाळलेलं नव्हतं. कारण विचार केल्यावर पटतं. अ‍ॅरेवरच्या, म्हणजे मल्टिकी, इंडेक्समध्ये अ‍ॅरेतल्या प्रत्येक नोंदीची वेगळी एन्ट्री असते. अटी वेगवेगळ्या नोंदींनी पुऱ्या झालेल्या चालणार असतील, तर दोन्ही हद्दी एकाच एन्ट्रीवर लावल्यास क्वेरीनुसार बसणारी डॉक्युमेंट्स सुटतील. म्हणून डेटाबेस एकच हद्द आवळतो. इलेममॅच घातलं आणि नगांची हद्दही 10 च्या पुढून सुरू झाली. तपासलेली डॉक्युमेंट्स आणि परत आलेली डॉक्युमेंट्स, हे दोन आकडे आता जवळजवळ जुळायला लागले. मी तरी क्वेरीची तब्येत याच दोन आकड्यांवरून ओळखतो, सेकंद नंतर.

रिपोर्टची अ‍ॅग्रिगेशन पाइपलाइन (डेटावर एकामागून एक होणाऱ्या पायऱ्या) सरळ अनवाइंडने सुरू होत होती; ही पायरी अ‍ॅरेतल्या प्रत्येक नोंदीचं वेगळं डॉक्युमेंट करते. म्हणजे आधी अख्खं कलेक्शन उलगडायचं आणि मग वेचायचं; उलगडलेल्या फील्डवरच्या त्या मॅचला, म्हणजे वेचण्याच्या पायरीला, इंडेक्स मिळत नाही. इलेममॅचवाला मॅच सगळ्यात वर नेला. खाली जुळणाऱ्या नोंदी तेवढ्या ठेवायला फिल्टर वापरला, कारण वरचा मॅच ऑर्डर निवडतो, तिच्यातल्या नोंदी छाटत नाही. प्रोजेक्शनमधलं (उत्तरात कोणती फील्ड हवीत ते सांगणाऱ्या भागातलं) इलेममॅचही फक्त पहिली जुळणारी नोंद देतं, हे ध्यानात असू द्या.

उरला ‘गुणधर्म’ हा भाग. रंग, माप, वजन अशा किल्ल्यांचं ते ऑब्जेक्ट होतं आणि प्रत्येक किल्लीला वेगळा इंडेक्स मागितला जात होता. कलेक्शनला 64 इंडेक्सची मर्यादा आहे, आणि लिहिताना प्रत्येकाचा भार पडतो तो वेगळाच. मोंगोडीबी 4.2 पासून वाइल्डकार्ड इंडेक्स (किल्ल्यांची नावं आधी न सांगता सगळ्यांवर घालता येणारा) मिळतो, पण आमच्या अटी ठरावीक होत्या, म्हणून नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा अ‍ॅरे करून दोन्हींवर मिळून एकच इंडेक्स घातला. क्वेरी अर्थातच इलेममॅचने. नवा गुणधर्म आला तरी आता इंडेक्सला हात लावावा लागत नाही.