गुराबेची नाळ

शनिवार, रात्र

आज जहाजाच्या प्रतिकृतीचा कणा कापून झाला. बाल्कनीतलं टेबल भुशाने भरलंय आणि "उद्या पाहुणे यायचेत" हे आतून ऐकवून झालंय. येऊ देत.

किटमधलं जहाज जोडणाऱ्यांचं बरं असतं. खोक्यात आराखडा, कापलेल्या फळ्या, मोजून दिलेले खिळे. आंग्र्यांच्या गुराबेचा, म्हणजे त्यांच्या लढाऊ जहाजाचा, आराखडा मला कोण देणार? जहाजं तर १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरातच जळून गेली. एकाने पेट घेतला आणि शेजारी बांधलेली बाकीची त्यात गेली. आणि तुळाजी आंग्र्यावर इंग्रजांना सोबत घेऊन निघाले ते आपलेच पेशवे! शाळेत हे एका ओळीत उरकलं होतं. आता हातात कानस असते, तेव्हा त्या ओळीचा राग येतो.

उरलं काय, तर इंग्रजाने लिहिलेलं वर्णन. अठराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो, दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेची. पाण्यात फार कमी बुडणारी, लांबीच्या मानाने रुंद, मधून पुढे निमुळती होत गेलेली.

निमुळती म्हणजे किती? इतिहास लिहिणारा "निमुळती" म्हणून पुढच्या वाक्याला जातो. करवत हातात असली की आकडा लागतो.

रविवार

पाहुणे येऊन गेले. काकांनी "हे विकत मिळत नाही का?" विचारलं. चहा पुढे केला.

आकडा काढायला एक वाट सापडली. त्या काळी इंग्रज जहाजाचे टन मापावरून काढत: लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश वजा करायचा, मग रुंदीने आणि अर्ध्या रुंदीने गुणायचं, ९४ ने भागायचं. ऑर्मचे टन याच हिशेबाचे धरले आणि रुंदी २२ फूट घेतली, तर दीडशे टनांसाठी लांबी साडेएकाहत्तर फुटांच्या आसपास येते. पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८ या प्रमाणात अठरा इंचांना जरा कमी लांब आणि साडेपाच इंच रुंद. शिवाय नाळ, म्हणजे जहाजाचं पुढे आलेलं टोक, वेगळी. २२ फूट हा मात्र माझा अंदाज, आणि तो मी कण्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलाय. पुढेमागे कोणी उघडून बघितलं तर कळावं, इथे पुरावा संपला आणि हौस सुरू झाली.

बुधवार

फळ्या लावतोय. खरी जहाजं सागाची, पण मी शिवण घेतलं. सागाची छिद्रं या प्रमाणात फार ठसठशीत दिसतात, खऱ्या गुराबेवर ती करंगळीएवढी रुंद झाली असती.

मधल्या बरगडीवर कागदाची पट्टी बसवायची, तिचे सारखे भाग पाडायचे. नाळेकडच्या बरगडीवरही तेवढेच भाग. मध्ये पट्टी पाच मिलिमीटर रुंद असेल तर पुढे ती तिनावर येते, म्हणून प्रत्येक पट्टी रंध्याने वेगळी तासावी लागते. मग गरम पाण्यात भिजवायची आणि इस्त्रीच्या टोकाने दाबत वळवायची. इस्त्री घरचीच आहे, त्यावर बोलणं झालंय.

शुक्रवार, उशिरा

नाळ!

ऑर्मचं सगळ्यात नेमकं लिखाण हिच्याबद्दल आहे. नाळेवर मजबूत डेक, मुख्य डेकच्याच पातळीत, पण मध्ये आडवी भिंत. बाकी जहाजाला बाजूंना कठडा आहे, नाळेला नाही. समोरून लाट आली की गुराब जोरात आपटते, पाणी नाळेवर चढतं, ते अडू नये म्हणून ती उघडी. आणि त्या भिंतीला भोकं पाडून समोर तोंड केलेल्या दोन तोफा, नाळेवरून मारा करणाऱ्या.

हे वाचलेलं होतंच. आज पुठ्ठ्याचा कठडा नुसता टेकवून पाहिला, आणि तोफेची नळी थेट त्याच्यावर रोखलेली दिसली. म्हणजे पाणी जायला मोकळी ठेवलेली जागा गोळ्यालाही मोकळी. ऑर्म कारण पाण्याचंच देतो. मला वाटतं, बांधणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही असणार. सिद्ध करता येणार नाही, पण डोळ्यांपुढे ठेवलं की पटतं.

भोकांची उंचीही यानेच ठरली. डेकपासून इतकी वर, की नळी थोडी खाली झुकवली तरी नाळेचं टोक उडू नये. चौकोन आखलेत, पटाशीने कोरायचेत.

उद्या बोहरी आळीत जाऊन पितळी कांबी आणायच्या. पुढच्या दोन तोफा नऊ किंवा बारा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या), बाजूच्या सहा ते नऊ, तेव्हा दोन जाडीच्या लागतील. आणि घरासाठी नवी इस्त्री.