ड्रोन उडवण्याआधी गल्लीला विचारलं, त्याची गोष्ट

ड्रोनला सरकारी नंबर मिळवणं सोपं आहे. गल्लीचा होकार मिळवायला वेळ लागतो, आणि माझ्या मते छंद म्हणून ड्रोन उडवणाऱ्याने आधी तो मिळवावा. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नाही. मी ते केलं. कसं केलं आणि त्यात काय काय निघालं ते इथे मांडते. कॅमेरे आता गावोगावी आलेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे अजून कुणी कुणाशी नीट बोललेलं नाही.

मी बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदी पट्ट्यातल्या एका गावात राहते. शाळेत शिकवते, त्यामुळे गावात सगळे बाई म्हणतात. पावसाळ्यात भाताची खाचरं भरली की मार्कंडेयच्या काठापासून वैजनाथच्या डोंगराकडे जाणारा आमचा सगळा शिवार वरून कसा दिसत असेल, हे मला बघायचं होतं. एवढ्यासाठी ड्रोन.

सरकारी भाग आधी सांगून टाकते. ड्रोनचे सध्याचे नियम 25 ऑगस्ट 2021 ला आले. त्यात वजनावरून वर्ग आहेत : 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून 2 किलोपर्यंत मायक्रो, पुढे आणखी मोठे. माझा मायक्रो. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी वापरत नसाल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. फॉर्म डी-2, फी 100 रुपये, सगळं ऑनलाइन. पूर्वी पासपोर्ट मागायचे, 2024 च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्डही चालतं. नॅनो सोडून बाकी ड्रोनना थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो काढला. टाइप सर्टिफिकेटचा, म्हणजे ड्रोनच्या त्या मॉडेलला मिळालेल्या मान्यतेच्या प्रमाणपत्राचा, क्रमांक विकणाऱ्याकडून आधीच लिहून घेतला होता. तोही मागून घ्यावा, नाहीतर नोंदणी तिथेच अडते.

मग नकाशा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो आणि कुठे नाही ते रंगांनी दाखवणारा सरकारचा ऑनलाइन नकाशा. त्यातल्या ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, परवानगी न मागता उडवता येतं. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते, आणि त्याच्या आत गेलात की परवानगी लागतेच. सांबरा विमानतळ शहराच्या पूर्वेला, आम्ही पश्चिमेला, मध्ये अख्खं बेळगाव. त्यामुळे ती अडचण आली नाही. पण बेळगाव म्हणजे लष्कराचं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे, कॅम्प इथे, शिवाय हिंडलग्याचं कारागृह. ड्रोन घेऊन शहराकडे तोंड करायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. एसपी दर्जाचा अधिकारी गरज पडल्यास एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनला बंद, करू शकतो. आमच्याकडे 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि काळा दिवस असतो, कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, मोठे मोर्चे असतात. म्हणून नकाशा एकदा बघून चालत नाही. ड्रोन पिशवीतून काढण्याआधी दर वेळी बघायचा. पलीकडे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. ड्रोनचे नियम केंद्राचे असल्यामुळे नकाशा दोन्हीकडे एकच. पोलीस ठाणं तेवढं बदलतं.

ठाण्यात अर्ज द्यायचं बंधन नव्हतं, तरी दिला. ड्रोनचा क्रमांक, माझा फोन, उडवण्याची जागा, वेळ. अर्ज कन्नडमधून हवा होता; शाळेतल्या कन्नडच्या सरांनी लिहून दिला. ठाण्यातल्या साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि पोच दिली. त्या कागदाचा पुढे फार उपयोग झाला.

आता गल्ली.

ड्रोन नियमांत वजन, उंची, झोन, विमा सगळ्यावर कलमं आहेत. शेजारणीच्या न्हाणीबद्दल तिथे काही नाही. आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मागे परडं, परड्यात न्हाणी, आणि बऱ्याच न्हाण्यांना आजही वर पत्रा नाही. खालून बघणाऱ्याला भिंत आडवी येते, वरून बघणाऱ्याला काहीच आडवं येत नाही. स्लॅबवर शेवया-सांडगे वाळतात, तशा धुतलेल्या साड्या आणि आतले कपडेही वाळतात. रविवारी बायका केस धुऊन तिथेच उन्हाला बसतात. इतकी वर्षं स्लॅब म्हणजे बायकांची हक्काची जागा होती, कारण तिच्यावर फक्त आभाळ होतं. मी स्वतः त्या स्लॅबवर बसलेली बाई आहे. म्हणून ड्रोनचा खोका फोडायच्या आधी मी घरोघरी गेले.

पहिला प्रश्न जवळजवळ सगळीकडे एकच. ‘औषध मारायला आणलाय काय?’ नमो ड्रोन दीदी योजनेमुळे बचत गटाच्या बायका फवारणीचा ड्रोन चालवतात, हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं. फोटोसाठी म्हटल्यावर लोक जरा थांबायचे. दुसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता : ‘मोजणीला काय?’ त्यामागे स्वामित्व योजना होती. 24 एप्रिल 2020 ला ती सुरू झाली आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत कर्नाटक होतं. चुन्याने हद्दी आखायच्या, वरून ड्रोनने फोटो घ्यायचे आणि त्यावरून गावठाणातल्या घरांचे नकाशे आणि मालकीचे कागद तयार करायचे. तेव्हापासून आमच्या भागात ड्रोन म्हटलं की लोकांना हद्द आठवते. कुणाची भिंत वीतभर पुढे आलेली, कुणाचा गोठा भावाच्या जागेत, कुणाची वाटणी तोंडी झालेली. मी भाताचे फोटो म्हणत होते आणि समोरच्याच्या डोक्यात कोर्ट उभं राहत होतं.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तात्यांनी तर सरळ विचारलं, ‘बाई, तुमचा फोटो उद्या माझ्या पुतण्यानं मागितला तर देणार काय?’ मी म्हटलं, नाही. ‘वकिलानं मागितला तर?’ तरी नाही. कोर्टाचा आदेश आला तर गोष्ट वेगळी, आणि तसं झालं तर आधी तुम्हाला सांगीन. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘असं कागदावर लिहून द्या की.’ मी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली. मला ते मुळीच जास्त वाटलं नाही. ज्याच्या जमिनीवर वाद चालू आहे त्याला असा शब्द मागायचा अधिकार आहे.

शेजारच्या काकूंचं वेगळं होतं. त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला आणि हळू आवाजात विचारलं, ‘खरं सांग गे, वरनं आमची न्हाणी दिसती काय?’ तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं झालं असतं. मी म्हटलं, काकू, आपण दोघी बघूया. एका संध्याकाळी, न्हाणीत कुणी नसताना, आमच्या परड्यातून ड्रोन सरळ वर नेला आणि फोनचा पडदा त्यांच्या हातात दिला. गल्लीतल्या आणखी काही बायका आल्या. वीस-तीस मीटरवर सगळं दिसत होतं : न्हाणीतला हंडा, दोरीवरचं लुगडं, आवारात कोण उभं आहे ते. शंभर मीटरवर माणूस ओळखू येत नव्हता, पण कॅमेरा जरा तिरका केला की लांबच्या घराच्या वरच्या खिडकीत नजर जात होती. हे मलाही नवीन होतं. उंच गेलं की संपलं, असं नाही. कॅमेऱ्याची दिशा उंचीइतकीच महत्त्वाची.

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘शेताकडं न्हेऊन उडव. घरांवर नको.’ बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. गल्लीचा नियम त्या परड्यात ठरला, आणि तो कुठल्याही सरकारी नियमापेक्षा मला जास्त नेमका वाटतो.

त्यातून जे ठरलं ते आजही पाळते. ड्रोन घराच्या स्लॅबवरून कधीच उडवायचा नाही, गावाबाहेरच्या आमच्या खळ्यावरून उडवायचा. जाताना-येताना घरांवरून न्यायचा नाही, पाणंदीच्या बाजूने न्यायचा. सकाळी अजिबात नाही. आंघोळी, धुणं, बाहेर जाणं सगळं तेव्हाच असतं. संध्याकाळी उन्हं कलल्यावर, तेही गुरं घरी परतायच्या आत, कारण म्हशी त्या घरघरीला बुजतात आणि बुजलेली म्हैस आवरणं लेकरांच्या हातचं काम नाही. कुणी शेतात काम करत असेल तर आधी हाक मारून विचारायचं. फोटोत ओळखू येईल असं माणूस आलं तर त्याला दाखवायचं, नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचं. गावातल्या कुणाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावायचं नाही. देवळाजवळच्या फळ्यावर माझं नाव, फोन आणि उडवायची वेळ खडूने लिहिली. पंच कमिटीने त्याला लगेच होकार दिला. पंचायतीतही अर्जाची एक प्रत ठेवली.

कायद्याची बाजूही मी वाचून काढली, कारण गल्लीतल्या मुलींना ती सांगायची होती. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आपल्या कर्नाटकच्याच उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. भारतीय न्याय संहितेचं 77 वं कलम त्याहून थेट आहे. ज्या जागी आपल्याला कोणी बघत नाही असं बाई धरून चालते, तिथे तिला खासगी अवस्थेत चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षांची कैद. कलमात ड्रोन हा शब्द नाही, त्याची गरजही नाही. कॅमेरा हातात होता की आभाळात, याने गुन्हा बदलत नाही. शाळेतल्या मोठ्या मुलींना मी हे फळ्यावर लिहून दिलं.

सगळ्यात अवघड प्रसंग बायकांकडून किंवा तात्यांकडून आला नाही. ओळखीतला एक तरुण रात्री घरी आला आणि म्हणाला, ‘बाई, आमच्या मागच्यांनी परड्यात काय बांधलंय तेवढं वरनं बघून द्या. पंचायतीत तक्रार घालायची हाय.’ पैसेही देतो म्हणाला. त्याची तक्रार खरी असेलही. बांधकाम बेकायदा असेल तर पंचायतीने जागेवर येऊन बघावं, तो तिचा अधिकार आहे, माझा नाही. मी नाही म्हटलं. तो रागावून गेला, काही आठवडे बोलला नाही. पण त्या रात्री हो म्हटलं असतं तर तात्यांना दिलेला कागद फाडून टाकल्यासारखाच होता. ड्रोन असलेल्या प्रत्येकाकडे असा कुणीतरी येणार. नकार आधीच ठरवून ठेवावा, माणूस दारात उभा असताना ठरवणं जड जातं.

लग्नसराईत त्या सगळ्या तयारीची परीक्षा झाली. एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा ड्रोन मांडवावरून सरकत सरकत आमच्या गल्लीवर आला आणि स्लॅबच्या उंचीला थांबून राहिला. बायका आत पळाल्या आणि लोक थेट माझ्या दारात आले. मी घरातच होते, माझा ड्रोन पेटीत. पोच आणि विम्याचा कागद बाहेर आणून दाखवला, ड्रोनही दाखवला. दोन मिनिटांत शंका मिटली, कारण माझा ड्रोन कुठून आणि केव्हा उडतो हे गल्लीला पाठ होतं. मग काकूंना घेऊन मांडवात गेले. तो पोरगा शहरातून आलेला, कामाच्या गडबडीत. त्याला शांतपणे सांगितलं की इथे परडी उघडी आहेत, मांडवावरच राहा. पैसे घेऊन शूटिंग करायचं तर मायक्रो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागतं हेही सांगितलं. काकू त्याला म्हणाल्या, ‘बाळ, तुझी आई तिथं न्हात असती तर?’ त्याने ड्रोन उतरवला, गल्लीवरचा भाग आमच्यासमोर पुसला, आणि पुढचं सगळं मांडवावरच घेतलं.

त्यानंतर पंच कमिटीच्या बैठकीत मी एक विनंती ठेवली. लग्नात किंवा लक्ष्मीच्या यात्रेत ड्रोन असेल तर कार्यवाल्या घराने आदल्या दिवशी गल्लीत निरोप द्यावा, कोणत्या वेळी आणि कुठवर उडणार ते सांगावं, आणि शूटिंगवाल्याचा फोन फळ्यावर लिहावा. कुणी विरोध केला नाही. फळ्यावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहायचं ठरलं, कारण लग्नाला दोन्हीकडचे पाहुणे येतात.

गल्लीत एक घर अजून नाही म्हणतं. त्यांनी कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. त्यांचं शेत आमच्या खळ्याच्या पलीकडे आहे आणि नदीकडचा सरळ रस्ता त्याच्यावरून जातो. मी वळसा घालून नेते. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, एवढंच.