कारलं चालत नाही

आम्हा मराठी ज्यूंच्या पेसाह सणाची पहिली रात्र, ठाण्यातला हॉल, सेदेरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, साठ माणसं. दुपारी चारला मदतीच्या पोरानं फ्रीजमधून रोमेन लेट्यूसचे दहा गड्डे काढले, तर सगळे गोठून काळे-चिकट झालेले. लेट्यूस फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवायचं नसतं. कागदात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवायचं. पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच.

बाकी ताटं लागत आली होती. हारोसेत, म्हणजे आपला खजुराचा शिरा, सकाळीच उतरवलेला. दोन किलो बिनबियांचा खजूर तीन लिटर पाण्यात उकळायचा, कुस्करायचा, फडक्यातून पिळायचा आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवायचा. शेवटची वीस मिनिटं पातेल्यापाशीच उभं राहायचं. तळाला लागला की करपट वास सगळ्याला धरतो. बशीत थेंब टाकून बशी तिरकी केली तरी ओघळता कामा नये. मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) आपल्या पूर्वजांनी गुलामीत विटा रचल्या त्या गाऱ्याची ही खूण, आणि पातळ गाऱ्यावर वीट बसत नाही. अंडी आधी दहा मिनिटं उकडून, पुसून कोरडी करून मगच चिमट्यात धरून जाळावर फिरवायची, कच्चं अंडं तडकतं. नळीचं हाड भाजून तयार. काळ्या मनुकांचं शरबत: माणशी चार पेले, पेल्याला निदान ८६ मिली, म्हणजे साठ जणांना वीस लिटरच्या वर. कमिटी आकडा आदल्या रात्री वाढवते, त्यांना वाटतं पाणी घातलं की झालं.

मात्झा, म्हणजे बिनखमिराची कडक रोटी, तेवढा झाकून ठेवला होता. आपल्या हवेत पाकीट तासभर आधी उघडलं की तो मऊ पडतो, आणि विधीत तिनातला मधला मात्झा मोडताना कडकन आवाज यायला हवा. फोटोसाठी पाकिटं आधी उघडणाऱ्यांना मी स्वयंपाकघरात घेत नाही.

राहिलं मारोर, कडू भाजी. पोरगं म्हणालं, "मावशी, कारली आहेत की खाली गाडीवर. याहून कडू काय?" बोलणं चूक नव्हतं. पण मिश्नात, म्हणजे आपल्या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, मारोरसाठी पाच वनस्पती मोजून दिल्यात, पहिलीच लेट्यूस. कारलं त्यात नाही, मेथी नाही. हॉर्सरॅडिशचं झणझणीत मूळ पुष्कळ जण चालवतात, पण ते ऐनवेळी ठाण्यात कुठून आणणार? त्याच्या जागी ट्यूबमधली वासाबी, ती जपानी तिखट चटणी, म्हणावी तर तिच्यात मोहरी आणि पिष्ट असतं, पेसाहच्या ताटात ते नकोच.

दोघांना मॉलमध्ये पिटाळलं. साडेपाचला आइसबर्गचे सहा गड्डे आले. जात लेट्यूसचीच, पण पानं घट्ट मिटलेली, त्यामुळे आत किडा असला तर वरून दिसत नाही. एकेक पान सुटं करून दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवायचं, मग ट्यूबलाइटसमोर धरून मधली शीर दोन्ही बाजूंनी बघायची. मावा तिथेच चिकटतो. पोरगं व्हिनेगर ओतायला निघालं होतं, धरलं. माल्ट व्हिनेगर जवाचं, म्हणजे खमीर, पेसाहला वर्ज्य. आपली जुनी माणसं या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, आंबटाचं भांडं झाकायचा सण, आणि हा आंबटाची बाटली उघडतोय!

माणशी दोनदा ऑलिव्हएवढं मारोर: एकदा हारोसेतमध्ये बुडवून, एकदा मात्झाच्या तुकड्यांत धरून. गाभ्यातली पानं बाजूला काढली, बाहेरची जाड शिरेची तेवढी वाढली, कारण आइसबर्गमध्ये असलाच तर कडवटपणा तिथेच. तोही नावालाच. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद, त्यात लेट्यूसच का याचं कारण दिलंय: सुरुवातीला गोड, शेवटी कडू, मिसरी लोकांच्या वागण्यासारखं. शेतात वाढू दिलेलं जून लेट्यूस खरंच कडू होतं, पण मॉलमधलं त्याआधीच कापलेलं असतं.

तिसऱ्या टेबलावरच्या आजींनी पान चावलं, पुन्हा चावलं आणि मला हाक मारली. "अगं, कडू कुठंय यात?"

आत ओट्यावर पोरानं स्वतःच्या पैशानं आणलेली पाव किलो कारली तशीच पडली होती.