रिकाम्या वावराची जागल

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मंगळवारी मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची तपासणी असते. एप्रिलमध्ये गर्दी वाढते, कारण अंगावर काढलेली दुखणी दाखवायला शेतकऱ्यांना तेव्हा कुठे सवड मिळते. अशाच एका मंगळवारी ४८ वर्षांच्या एक काकू झोप लागत नाही म्हणून आल्या. (त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलूनच मी हे लिहिते आहे.) रक्तदाब आणि हिमोग्लोबिन ठीक होते. परिचारिका बाहेर जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घरचे रोज जागलीले जातेत. तूर निंगाली, कापूस निंगाला, हरभराबी निंगाला. वावरात आता काय राखाचं हाये?"

रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी आमच्याकडे माणसे रात्रीच्या रात्री मचाणावर काढतात, त्यामुळे जागलीला निघालेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. पण नांगरून पडलेल्या वावराच्या जागलीचा काकूंनी एकच अर्थ लावला होता, तो म्हणजे दुसरी बाई.

तुमच्या दोघांतले संबंध कधी थांबले, असे मी सरळ विचारले. दीड वर्ष झाले होते. पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर संबंधाच्या वेळी सोलवटल्यासारखी आग होऊ लागली, म्हणून त्या कंबरदुखीचे निमित्त सांगून कूस बदलत असत. खरे कारण त्यांनी नवऱ्याला कधीच सांगितले नव्हते, कारण हे वयाचेच आहे आणि त्यावर औषध नसते अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे पडते, आणि त्यावर साधे, परिणामकारक उपचार आहेत. त्यांच्याच वयाच्या किती बायकांना मी कंबरदुखीच्या गोळ्या देऊन परत पाठवले असेल, हा विचार त्या क्षणी मला फार टोचला.

नवरा बाहेर गाडीजवळ उभा होता. हे भाऊ तीन वर्षांपासून माझेच मधुमेहाचे रुग्ण. त्यांच्या कार्डावर डोळे, मूत्रपिंड, पायांच्या तळव्यांची संवेदना, सगळ्यांच्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या. लिंगाच्या ताठरतेबद्दल मात्र एक अक्षर नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी त्यांना एकट्याला बसवून विचारले. बराच वेळ गेला, मग ते म्हणाले, "तिले आता नको असते, अन् माह्याच्यानंबी होत नाही. घरी राहून काय करू?"

साखरेच्या गोळ्यांमुळेच कमजोरी येते असे कोणीतरी सांगितल्यावरून त्यांनी त्या बंद केल्या होत्या आणि जत्रेतल्या तंबूतून तीन हजार रुपयांच्या पुड्या आणल्या होत्या. त्या दिवशी साखर २८६ निघाली. पहाटे जाग येताना तरी ताठरता असते का, असे विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणजे प्रश्न केवळ मनाचा नव्हता. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. त्यामुळे मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की बिघाड पुष्कळदा हृदयाच्या आधी इथे दिसतो. म्हणून पोते उचलताना छातीत काही होते का, असे मी विचारले. दगड ठेवल्यासारखे होते आणि बसले की थांबते, असे ते म्हणाले, आणि खिशातून औषधाच्या दुकानातून घेतलेली, सिल्डेनाफिल या ताठरतेसाठीच्या गोळ्यांची न उघडलेली पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीबरोबर ती गेली असती, तर रक्तदाब जीवघेणा खाली आला असता. मी ती ठेवून घेतली, ईसीजी काढला आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी लिहिली.

नंतर दोघांची परवानगी घेऊन त्यांना एकत्र बसवले. एकाचे एकाला सांगताना मलाच अवघडल्यासारखे झाले, पण काकूंचे दुखणे ऐकून भाऊ त्यांच्याकडे वळून एवढेच म्हणाले, "मंग सांगितलं काहून नाही?" त्यावर काकूंनीही तेच विचारले.

हृदयाच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत संबंधाचा प्रयत्नच करू नका, असे मी सांगितले. फक्त स्पर्श ठेवा, एकमेकांच्या हातापायांना आणि पाठीला तेल लावा, काय बरे वाटते ते बोला. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी लैंगिक आरोग्य संशोधकांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे: जमेल की नाही ही परीक्षाच काढून टाकली की धास्ती उतरते. मी हे उत्साहाने सांगत होते, तेव्हा काकूंनी शांतपणे विचारले, "कुठं, मॅडम?" घरात दोन खोल्या. मुलाचे लग्न झाल्यापासून आतली खोली मुला-सुनेची, आणि ही दोघे ओसरीत, मध्ये म्हातारी सासू. माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. ते काकूंनीच काढले. "मीबी जातो यांच्यासंग जागलीले," त्या म्हणाल्या, आणि भाऊ नाही म्हणाले नाहीत.

जुलैत दोघे एकत्र आले. भाऊंच्या हृदयाची एक धमनी बरीच अरुंद निघाली होती, उपचार सुरू झाले होते आणि साखर उतरली होती. काकूंना स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेले इस्ट्रोजेनचे मलम, आधी दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा, चांगले लागू पडले होते. ताठरता पूर्वीसारखी आलेली नव्हती, ती कदाचित पूर्ण येणारही नाही, हे मी लपवले नाही. "तेवढ्यानं अडत नाही," असे काकू म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्याचे मलम इथे मिळेल का, हे विचारू लागल्या.

त्या मंगळवारपासून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय तपासून झाले की मी शरीरसंबंधांबद्दलही विचारते, स्त्रियांनाही. बहुतेक जण काही नाही म्हणून निघतात. काही जण मात्र उठून आधी दार लोटून घेतात, आणि मग पुन्हा येऊन बसतात.