अळणी पाण्यावरची साय

माझे वडील ५१व्या वर्षी गेले. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचं कोलेस्टेरॉल कधी कुणी तपासलंच नव्हतं.

मी ४६चा झालो तेव्हा ऑफिसच्या तपासणीत माझं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, १७२ निघालं आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २४०. दोन्ही जास्त. ना धाप, ना दुखणं. रोज जोतिबाचा डोंगर चढायला सांगितला असता तरी चढलो असतो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "वडील कितव्या वर्षी गेले?" वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो धोका आपल्याही खात्यावर धरायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तीन महिने दिले. तेवढ्यात खाणं आणि चालणं बदला, मग पुन्हा रक्त तपासू, म्हणाल्या.

आम्ही घरात चौघं. महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपायचा. माणशी अर्धा लिटर पुरे, असं आहारतज्ज्ञांनी सांगितलं. म्हणजे दोन लिटर! एक तारखेला बायकोनं दोन लिटर तेल किटलीत ओतलं आणि म्हणाली, "महिनाभर एवढंच." आईचा चेहरा उतरला. भरल्या वांग्यावर तवंग नाही म्हणजे पाहुण्याला मनापासून वाढलं नाही, अशा घरात ती वाढलेली. "माझ्या हातचं खाऊन पोरगं आजारी पडलं असं म्हणायचं का तुला?" तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर रविवारच्या मटणानं दिलं. तांबडा-पांढरा सोडायचा नव्हताच. बायकोनं शनिवारी रात्रीच मटण शिजवून अळणी पाणी फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी पातेल्यावर बोटभर जाड पांढरी साय धरली होती. आईनं स्वतः चमच्यानं ती काढली, वाटी भरली. बोटानं दाबून बघितली, मेणासारखी घट्ट. "हे सगळं पोटात जात होतं व्हय रं?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून फोडणीची पळी तिनंच बदलली.

बाकीचं तसं सोपं होतं. साखरेचे पाच चहा दोनावर आणले, कारण जास्तीच्या साखरेची यकृत चरबी करून ठेवतं आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. चहाबरोबरची खारी बंद. भाकरीबरोबर रोज एक मोडाची उसळ, रात्री पाण्यातून इसबगोल. इसबगोलाचा बुळबुळीत तंतू आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त करायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. तेलाच्या पिशवीवरच्या "कोलेस्टेरॉल-फ्री" या शब्दांवर मात्र भुलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. प्रश्न त्यातली संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, चरबी किती आणि आपण ओततो किती, हा असतो. पहाटे रंकाळ्यावर चाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा वेगानं.

तीन महिन्यांनी वजन चार किलो कमी, ट्रायग्लिसराइड्स १५५, एलडीएल १३८. मला वाटलं, जिंकलो. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली आणि तरीही स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी लिहिली. मला फार वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण त्यांनी नीट समजावलं. अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, आणि किती तयार करायचं, किती उचलायचं हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. घरचा इतिहास बघता १३८ पुरेसं नव्हतं. आता माझं एलडीएल ८८ आहे. गोळी चालू झाली म्हणून किटली पुन्हा मोठी केली नाही, आणि कुणी काढा सुचवला म्हणून गोळीही सोडलेली नाही. तुम्हालाही कळकळीनं सांगतो, अशी गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

धाकटा भाऊ पुण्यात असतो, ४१चा आहे. त्यानं अजून एकदाही तपासलेलं नाही. दिवाळीला येतोय. फराळाआधी त्याला रक्त द्यायला न्यायचं ठरलंय. आईनं तसं फोनवर त्याला बजावूनही ठेवलंय.